"फीड" म्हणजे भरवणंच ना? गेममधल्या साध्या शब्दांचे अर्थ असे का बदलतात?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचा.

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. परवा गेम खेळता खेळता एकदम गप्प झाला, हेडफोन काढून ठेवले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. खूप वेळानं बोलला, "मावशी, टीममधले सगळे म्हणत होते तू फीड करतोयस." मला कळेचना यात लागण्यासारखं काय आहे. फीड म्हणजे भरवणं, आणि भरवण्याइतका मायेचा शब्द आपल्याकडे दुसरा कुठला? पण त्याचा चेहरा बघितला आणि समजलं की ह्याला कुणीतरी फार वाईट बोललंय, आणि काय बोललंय ते मला, भाषेची एवढी आवड असून, कळत नाहीये.

मग दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी तासभर नुसती ऐकत बसले आणि वहीत लिहून घेतलं. फार्म करतोय, टँक कुठंय, तो कॅम्प करून बसलाय, मला कॅरी करा, ह्याला नर्फ केलंय, मॉब आला, काइट कर, लूट घे, जंगलमध्ये कोण आहे, पिंग वाढलाय, मेटा बदलला. ह्यातला एकही शब्द तसा अवघड नाही, निम्मे तर शाळेत शिकलेले, पण वाक्याचा अर्थ लावायला गेलं की हाताला काही लागत नाही.

तर हे अर्थ आले कुठून, त्याला काही रीत आहे की ज्याला जे सुचलं ते रूढ झालं, आणि मराठीत बोलताना ह्या शब्दांचं काय होतं? "भाषा बिघडली" ह्या वादात मला खरंच रस नाही. त्या पोराशी बोलता यायला हवं म्हणून विचारतेय.

---

मिडलेन

ताई, इतिहास बाकीचे सांगतील, मी आधी भाच्याचं सांगतो कारण हे मी स्वतः भोगलंय.

तो बहुतेक लीग ऑफ लेजंड्स किंवा डोटा २ च्या जातीचा गेम खेळत असणार, पाच विरुद्ध पाच. ह्यात समोरच्याला मारलं की मारणाऱ्याला सोनं मिळतं आणि अनुभवाचे गुण मिळतात, त्या सोन्यातून तो चांगली हत्यारं घेतो, मग पुढच्या वेळी तुम्हाला अजून सहज मारतो, की परत सोनं. म्हणजे तुम्ही मेलात की तुमचं जेवढं नुकसान त्याहून जास्त त्याची ताकद वाढते. तुमच्या मरणावर तो जगतो. म्हणून फीड. भरवण्याचा अर्थ शाबूत आहे बघा, फक्त घास शत्रूच्या तोंडात चाललाय, आणि तेवढ्यानं त्यातली सगळी माया निघून गेली. मला वाटतं मराठीत ह्याला भरवणंपेक्षा पोसणं जास्त जवळचं. "गुंड पोसलेत", "सापाला दूध पाजलं" ह्यात आपल्याकडे तोच राग आधीपासून आहे.

आता लागलं का, ते सांगतो. मुद्दाम मरणारेही असतात, रागावून टीम बुडवायला निघालेले. त्यांच्यासाठी "इंटेन्शनल फीडिंग" असा शब्द आला, मग त्याचं शेपूट तोडून नुसतं "इंट" राहिलं आणि "इंट करतोय" असं क्रियापद झालं. पण लोक चिडलेले असतात, ते मुद्दाम आणि चुकून ह्यात फरक करत बसत नाहीत, त्यामुळे आता साधं वाईट खेळणाऱ्यालाही इंट म्हणतात, फीडर म्हणतात. अर्थ सौम्य झाला, पण बोलण्यातला आरोप तसाच तिखट राहिला. चौदा वर्षांच्या पोराला वाटणार ना, की हे मला गद्दार म्हणतायत. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी आठवडाभर गेम उघडला नव्हता. त्याला एवढंच सांगा की शिकताना सगळेच मरतात, आणि चॅट म्यूट करायचं बटण असतं, ते वापरण्यात काही कमीपणा नाही.

कॅरी म्हणजे ज्याला सुरुवातीला सांभाळावं लागतं, सोनं गोळा करू द्यावं लागतं, आणि नंतर जो सगळ्या टीमला खांद्यावर घेऊन जिंकवतो तो. फार्म म्हणजे ते सोनं गोळा करणं. छोटे राक्षस मारले की ते ठरलेल्या वेळानं परत उगवतात, परत मारायचे, परत उगवतात. पीक काढल्यासारखं, म्हणून फार्म.

---

जुना_गडी

वा, फार आवडीचा विषय काढलात. मी फोनच्या तारेवर मॉडेम लावून खेळायचो त्या काळातला, त्यामुळे थोडं मागून सुरू करतो.

१९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या दोघांनी मड नावाचा गेम केला, मल्टी यूजर डंजन. चित्र नाहीच, सगळं अक्षरांत. "तुम्ही एका गुहेत आहात" असं वाचायचं आणि काय करायचं ते टाइप करायचं. त्यात जे प्राणी आपणहून इकडून तिकडं फिरायचे त्यांना बार्टलनी "मोबाइल" म्हणलं, म्हणजे हलणारे. त्याचं झालं मॉब. आज लोकांना वाटतं मॉब म्हणजे जमाव, म्हणून राक्षसांची झुंड. पण एकटा राक्षससुद्धा मॉबच, आणि त्याचं कारण हे.

तुम्ही रीत विचारलीत ना, तर माझ्या मते सगळ्यात मोठं कारण बोटं. लढाई चालू असताना त्याच हातानं टाइप करायचं असायचं. लांब वाक्य लिहिलं तर मेलात. मग जो शब्द छोटा, आधीपासून सगळ्यांना माहीत, आणि ज्यानं डोळ्यासमोर लगेच चित्र उभं राहतं, तो टिकायचा. कुणी समिती बसवली नव्हती.

१९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट हा ऑनलाइन गेम आला, त्यातले शब्द बघा. काइट, म्हणजे आपला पतंग. राक्षस तुमच्या मागं लागलाय, तुम्ही अंतर ठेवून पळताय आणि पळता पळता त्याला मारताय, जणू दोरीला बांधून मागं ओढताय. एकदा चित्र दिसलं की हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ट्रेन, म्हणजे पळणाऱ्याच्या मागं लागलेली राक्षसांची रांग. कुणी "ट्रेन!" असं टाइप केलं की वाटेतल्या सगळ्यांनी बाजूला व्हायचं, नाहीतर ती गाडी तुमच्या अंगावर. आणि डिंग! पातळी वाढली की गेममध्ये तसा आवाज व्हायचा, मग लोक मित्रांना कळवायला नुसतं "डिंग" लिहायचे आणि समोरून अभिनंदन यायचं. एका आवाजाचं वाक्य झालं.

कॅम्पवर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं. एव्हरक्वेस्टमध्ये दुर्मिळ राक्षस एकाच जागी ठरावीक वेळानं यायचा आणि लोक तिथं तासन्‌तास मुक्काम ठोकून बसायचे. तो कॅम्प. त्याला शिस्त होती, आधी कुणी बसलंय का ते विचारायचं, नंबर लावायचा, दुसऱ्याचा कॅम्प हिसकावला तर तुमचं नाव खराब व्हायचं. म्हणजे कॅम्प करणं हे कष्टाचं आणि मानाचं काम. आता तोच शब्द बंदुकीच्या गेममध्ये घ्या. तिथं कोपऱ्यात लपून बसणाऱ्याला कॅम्पर म्हणतात आणि ती चक्क शिवी आहे. शब्द तोच, कृतीही जवळपास तीच, एका जागी बसून वाट बघणं. पण पहिल्या ठिकाणी वाट राक्षसाची आहे आणि दुसऱ्या ठिकाणी माझ्यासारख्या चालत्या माणसाची, ज्याला पाठीत गोळी बसणार आहे. म्हणून मी म्हणतो की नुसत्या शब्दाचा अर्थ विचारू नका, गेमचे नियम विचारा. त्यात बक्षीस कशाला आहे आणि दुखतं कुणाला, ते कळलं की शब्द आपोआप उलगडतो.

नर्फ हे मुळात खेळण्याचं नाव, १९७० च्या सुमाराला आलेले मऊ फोमचे चेंडू, मग तसल्याच बंदुका वगैरे. अल्टिमा ऑनलाइन हा १९९७ चा गेम, त्यात तलवारींचा जोर कमी केला तेव्हा लोक म्हणाले आता फोमच्या काठीनं मारल्यासारखं वाटतंय. तिथून नर्फ म्हणजे मुद्दाम कमजोर करणं. उलट बफ.

आणि एक शब्द असा की तो मी वापरणं सोडलं. फ्रॅग. १९९३ च्या डूम ह्या बंदुकीच्या गेमपासून समोरच्याला मारलं की एक फ्रॅग मोजायचा, आम्ही किती सहज म्हणायचो. खूप वर्षांनी वाचलं की व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांनी आपल्याच अधिकाऱ्यांना हातबाँब टाकून मारण्याला फ्रॅगिंग म्हणायचे, फ्रॅगमेंटेशन ग्रेनेडवरून. गेममध्ये येईपर्यंत त्यातली माणसं गळून गेली आणि आकडा उरला. इतरांनी वापरावा, माझी काही तक्रार नाही, पण माझ्या तोंडून तो आता निघत नाही.

---

अर्धविराम

शब्दवेडी ताई, तुमच्या यादीतले तीन शब्द तुम्ही परके समजून लिहिलेत, पण ते आपल्याच घरून गेलेले आहेत!

लूट तर उघडच. इंग्रजांनी अठराव्या शतकात हिंदीतून उचलला. पण फरक बघा, आपल्याकडे लूट म्हणजे दुसऱ्याचं हिसकावणं, लुटमार, त्यात गुन्हा आहे. गेममध्ये जमिनीवर पडलेली औषधाची पेटी घेतली तरी लूट, ज्याची हिसकावली असा मालकच नाही. आणि आता आपली पोरं "इथं लूट चांगली आहे" म्हणतात तेव्हा ती मराठी लूट नसते, इंग्रजीतून फिरून आलेली असते. स्पेलिंग बदलावं लागलं नाही म्हणून लक्षात येत नाही एवढंच.

जंगल. लीग ऑफ लेजंड्समध्ये वाटांच्या मधला जो झाडोऱ्याचा भाग असतो तो जंगल आणि तिथं फिरणारा जंगलर. शब्द संस्कृत, पण संस्कृतात "जांगल" म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, कमी पाण्याचा प्रदेश. आयुर्वेदात जांगल देश आणि आनूप देश असा भेद आहे ना, आनूप म्हणजे पाणथळ, जांगल बरोबर त्याच्या उलट. तोच शब्द पुढं दाट रानासाठी रूढ झाला, इंग्रजीत तर अगदी ओल्या किर्र झाडीसाठी, आणि शेवटी एका पटावरची जागा. म्हणजे अर्थ बदलायला गेमच लागतात असं काही नाही, हे हजारो वर्षं चालू आहे, गेममध्ये फक्त ते आपल्या डोळ्यांदेखत होतं.

टँक मला सगळ्यात आवडतो. पाण्याच्या टाकीला इंग्रजीत टँक म्हणतात तो शब्द गुजराती किंवा मराठीतून, आपल्या "टाकं"वरून गेला असावा असं इंग्रजी कोशांत दिलेलं असतं, पोर्तुगीज "तांके"चाही त्यात हात असणार. मग पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नवीन चिलखती गाडी गुपचूप बनवायला घेतली, बाहेर कळू नये म्हणून तिला पाण्याची टाकी म्हणायचं ठरवलं, आणि १९१६ मध्ये ती रणांगणावर आली तेव्हा तेच नाव चिकटलं. आणि आता गेममध्ये टँक म्हणजे जो पुढं उभा राहून सगळ्यांचे घाव स्वतःच्या अंगावर घेतो तो. खडकात खोदलेल्या टाक्यापासून इथपर्यंत. मजा म्हणजे हा टँकही साठवतोच, फक्त पाण्याऐवजी मार.

तुमच्या यादीत नाही पण अवतारही त्यातलाच. अव-तृ म्हणजे खाली उतरणं. १९८५ च्या अल्टिमा ४ मध्ये खेळाडूनं अवतार व्हायचं असतं, आणि लगेच पुढं हॅबिटॅट नावाच्या लुकासफिल्मच्या गेममध्ये पडद्यावरच्या आपल्या आकृतीला अवतार म्हणायला लागले. देव जगात उतरतो तसा खेळाडू गेममध्ये उतरतो, म्हणजे इथं मूळ अर्थ बराचसा जपला गेलाय.

---

रात्रपाळी

मेटा चा फुल फॉर्म आहे, मोस्ट इफेक्टिव्ह टॅक्टिक्स अव्हेलेबल. त्या वेळी सगळ्यात चालणारी पद्धत.

---

अर्धविराम

@रात्रपाळी अर्थ बरोबर, पण तो फुल फॉर्म लोकांनी मागाहून बसवलाय. मेटा हा ग्रीक उपसर्ग, नंतरचा किंवा पलीकडचा. मेटागेम म्हणजे खेळाच्या पलीकडचा खेळ, समोरचे काय निवडणार ह्याचा आधीच विचार करणं. त्यातलं गेम गळालं आणि मेटा उरला. शब्द आवडला की लोक त्याला गोष्ट जोडतात, हे सगळ्या भाषांत होतं.

---

रात्रपाळी

ओह, मी इतकी वर्षं तेच सगळ्यांना सांगत होतो. धन्यवाद. बदल्यात पिंग घ्या, तो माझ्या कामातला आहे. पाणबुडीच्या सोनारचा आवाज पिंग. १९८३ मध्ये माइक मूस नावाच्या माणसानं नेटवर्क तपासायचा छोटा प्रोग्राम लिहिला, हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, सोनारसारखंच, म्हणून नाव पिंग. मग गेमवाल्यांनी त्या वेळेलाच पिंग म्हणायला सुरुवात केली, "माझा पिंग २०० आहे" म्हणजे २०० मिलिसेकंद, म्हणजे तुम्ही गोळी झाडेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. मग नकाशावर खूण करून मित्राला दाखवणं तेही पिंग. आणि आता ऑफिसात "मला पिंग कर". चार अर्थ आहेत पण चारही ठिकाणी हाक मारून उत्तराची वाट बघणं आहेच.

---

स्क्वॉडमधली_चौथी

सगळ्यांनी इंग्रजी शब्दांचं सांगितलं पण ताईंचा तिसरा प्रश्न राहिला, मराठीत काय होतं. मी रोज रात्री तीन मैत्रिणींबरोबर खेळते, चौघी मराठीच बोलतो, तर आमच्याकडचं सांगते.

पब्जीसारख्या गेममध्ये गोळी लागली की लगेच मरत नाही, आधी गुडघ्यावर पडतो आणि मित्रानं येऊन सावरलं तर परत उभे राहतो. तर आम्ही ओरडतो, "मी पडले, मला उचल!" आता विचार करा. मराठीत "देवा, उचल मला" म्हणजे मरण मागणं. आजारी माणूस कंटाळून म्हणतो तसं. आणि आम्ही तोच शब्द बरोब्बर उलटा वापरतो, उचल म्हणजे जिवंत कर. हे कुणी ठरवलं नाही, इंग्रजीतून आलं नाही, पडलेल्याला हात देऊन उचलतात म्हणून आपोआप झालं. माझी आजी एकदा दारात उभी राहून ऐकत होती आणि "उचल ना गं मला, लवकर उचल" ऐकून अशी घाबरली की मला खेळ सोडून तिच्याजवळ जाऊन बसावं लागलं. तिला सगळं समजावलं तर ती शांतपणे म्हणाली, तान्ही पोरंसुद्धा उचल म्हणतात, तसंच म्हण की. मला ते फार आवडलं.

डबा तसाच. मेलेल्याच्या जागी सामानाची पेटी उरते, म्हणून "तिचा डबा झाला" म्हणजे ती मेली. "डबा बघ" म्हणजे तिच्या सामानात काय आहे ते शोध. मेली असं आम्ही क्वचित म्हणतो. म्हणजे मी स्वतःबद्दल "मेले" शंभर वेळा म्हणते, पण मैत्रिणीबद्दल "ती मेली" म्हणताना जीभ अडखळते, तिथं डबा बरा वाटतो.

आणि इंग्रजी शब्दांना आपण व्याकरण आपलंच लावतो. इंग्रजीत शब्द सरळ क्रियापद होतो, आपल्याला करणं किंवा होणं जोडावं लागतं आणि त्यामुळे एक फायदा होतो जो मला फार उशिरा लक्षात आला. "लॅग होतंय", म्हणजे नेटमुळे गेम अडकतोय, माझा दोष नाही, "फीड करतोयस" म्हणजे तू करतोयस. ताई, तुमच्या भाच्याला कुणी "फीड होतंय रे" म्हणालं असतं तर एवढं लागलं नसतं.

---

पानगळ

वाद नको म्हणालात म्हणून वाद घालत नाही, पण एक मनापासून सुचवू का. ह्यातल्या काहींना मराठी शब्द इतके छान बसतात की न वापरणं जिवावर येतं. नर्फ केलं म्हणजे बोथट केलं. बफ म्हणजे धार लावली. स्पॉन म्हणजे उगवला. कॅम्प म्हणजे दबा धरून बसला, जुना_गडी ज्याला शिवी म्हणतायत तो अर्थ दबा धरण्यात पूर्ण येतो, आणि तो मानाचा कॅम्प म्हणजे मुक्काम. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत एकावर भागवावं लागलं.

---

स्क्वॉडमधली_चौथी

@पानगळ बोथट केलं मी आजपासून वापरणार. धार लावलीसुद्धा. पण दबा धरून बसलाय नाही जमणार हो, ते म्हणेपर्यंत माझा डबा होईल! गेम चालू असताना एका श्वासात दोन अक्षरं बसतात. मॅच संपल्यावर गप्पा मारताना मात्र दबा धरून हाच शब्द हवा, त्यात राग नीट निघतो.

---

शब्दवेडी

तुम्ही सगळ्यांनी किती जीव लावून लिहिलंत. काल रात्री हे सगळं भाच्याला वाचून दाखवलं, मिडलेन आणि चौथी यांचं दोनदा. पोसणं ऐकल्यावर म्हणाला, "हो मावशी, अगदी तसंच वाटतं, आपण त्याला मोठं करतोय असं." मग स्वतःच सांगायला लागला की तो कसा मरत होता, नकाशाकडं बघायचं विसरत होता. पहिल्यांदा मला त्याचं बोलणं सलग कळलं. जंगलचं ऐकून तो हसला आणि टँकचं ऐकून त्यानं मित्राला फोन लावला.

एक शब्द अजून आहे, आज सकाळचा. "मॅच थ्रो केली." फेकली म्हणजे?

---

मिडलेन

जिंकत आलेली मॅच घालवली. हा शब्द खेळांच्या जगात आधीपासून आहे, कुस्ती किंवा बॉक्सिंगमध्ये पैसे घेऊन मुद्दाम हरणं म्हणजे सामना फेकणं. आमच्या गेममध्ये पैसे वगैरे काही नाही, घाईघाईत आत घुसलो आणि पाचही जण मेलो तरी थ्रोच म्हणतात. कुणी कुणाला म्हणालं ते विचारून घ्या. तो स्वतःबद्दल म्हणत असेल तर काळजी करू नका, आम्ही सगळे म्हणतो.

---

शब्दवेडी

स्वतःबद्दलच म्हणाला. आणि लगेच पुढची मॅच लावली.